आत्याच्या हाताची हळद

दैवशाला आक्का,

तीन दिवस मी फोन लावतोय. दरवेळी दाजी म्हणतात, "ती रानात गेलीय," अन् त्यांच्या मागं तुझ्या बांगड्या वाजतात. माझे कान तुला ठाऊक आहेत.

तुझा राग रास्त आहे. 'अर्पिताच्या लग्नात कशाला हात लावू नकोस, अक्षतांच्या वेळेला ये अन् खुर्चीत बस,' असं आपण परक्या पाहुण्याला सांगतो. मी सख्ख्या बहिणीला सांगितलं. आक्काला आराम मिळावा म्हणून बोललो, असं सगळ्यांना सांगत फिरतोय. खरं तसं न्हाय. कंत्राटं घेणाऱ्या माझ्यासारख्या एवढ्या मोठ्या गुत्तेदाराची बहीण पदर खोचून राबताना पुण्याचे व्याही बघतील, याची मला लाज वाटली.

आज जात्याला हळकुंड बांधायला सवाशिणी आल्या. अर्पिता जात्यावर हात ठेवून म्हणाली, "आत्याचा हात लागल्याबिगर माझी हळद दळायची न्हाय." बायका चहा पिऊन उठल्या. जाताना एकजण हळूच म्हणाली, "आता हळदबी गुत्त्यानं दे म्हणावं." परवा हळद लागायची आहे.

हे पत्र धाडलं तर तुला ते सुनेकडून वाचून घ्यावं लागंल. ही गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून तुझ्या कानावर जाऊ नये. म्हणून उद्या मीच परंड्याला येतोय. आधी लाजेचं सांगीन, मग हळद दळायला चल म्हणीन. उलटं केलं तर तू लगेच गाडीत बसशील, अन् माझं सांगायचं राहून जाईल.

तुझा धाकटा,
लिंबाजी