कॅमेऱ्याला न दिसणारी खोली

प्रिय खारू,

हे पत्र मी स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितो आहे. टेबल बाहेरच्या खोलीत आहे, पण तिथे बसून लिहिलं तर तुला दिसेल आणि तू लगेच विचारशील की बाबा, काय लिहिताय. मला पटकन थाप मारता येत नाही. म्हणून चार ओळी लिहायच्या, बाहेर जाऊन खुर्चीत बसायचं आणि काहीतरी निमित्त काढून पुन्हा आत यायचं, असं सकाळपासून चाललं आहे. मघाशी तुझा फोन आलाच. सारखे आत जाताय, पोट बिघडलंय का, असं तू विचारलंस. थाप आयतीच मिळाली, मी हो म्हटलं. मग तू सांगितलंस म्हणून मीठ-साखरेचं पाणी करून तुझ्यासमोर पेलाभर प्यालो. पोट ठणठणीत असताना ते पाणी घशाखाली उतरवणं सोपं नसतं, एवढं सांगून ठेवतो.

तू कॅमेरा लावलास त्याबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं तू उलट्या अर्थाने घेशील. तुझी आई पायपुसण्यावरून घसरली, मनगट प्लास्टरमध्ये गेलं, आणि तू रजा काढून आलीस. जाण्याआधी कपाटावर तो डोळा बसवून गेलीस. मायेनेच बसवलास. तुझ्या आईने आधी नाक मुरडलं. मला म्हणाली, आता या घरात शिंकायचं झालं तरी परवानगी काढावी लागणार. पण मग तिची तिलाच सवय झाली. बाहेरच्या खोलीत जायच्या आधी केसांवरून कंगवा फिरवायची. नवीन पडदे लावले तेव्हा कपाटाकडे तोंड करून दोन्ही हातांनी पडदा ताणून उभी राहिली होती, ते तू पाहिलंच असशील. आमची भांडणंही स्वयंपाकघरात आली. तू ऐकशील म्हणून ती आधी नळ सोडायची आणि मग मला बोलायची. पाण्याच्या आवाजात तिचं निम्मं मला ऐकूच यायचं नाही, आणि काय म्हणालीस असं विचारलं की ती आणखी चिडायची. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही एवढं हळू आवाजात कधी भांडलो नव्हतो.

एक गोष्ट मात्र तेव्हाच माझ्या लक्षात आली होती. आधी तू संध्याकाळी फोन करायचीस. जेवलात का, आज काय केलं, आईची तब्येत कशी आहे, असं विचारायचीस आणि आम्ही दोघं एकमेकांच्या हातातून फोन ओढून सांगायचो. कॅमेरा आल्यावर तू विचारणं बंद केलंस, कारण तुला दिसत होतं. फोन यायचा तो सूचना द्यायला. बाबा, पंखा कमी करा. आई, त्या स्टुलावर चढू नकोस. पुढे पुढे तर फोनही नाही, कपाटावरूनच आवाज यायचा. एकदा दचकून माझ्या हातातली कपबशी गेली. तुझ्या आईने कपाटाला उत्तर दिलं, अगं, ते काही मुद्दाम फोडत नाहीत. तू हसलीस, ती हसली. मी तुकडे गोळा केले.

ती गेल्यावर तू दिवस-कार्यापुरती राहिलीस आणि परत गेलीस. त्यानंतर जे सुरू झालं त्यावर आपण कधी बोललो नाही. मी खुर्चीत असलो की सगळं शांत असतं. उठून आत गेलो आणि जरा वेळ लागला की फोन वाजतो. उचलला नाही तर शेजारच्या ड्रायव्हरसाहेबांचा वाजतो. मागे मी आंघोळीला गेलो होतो आणि साबणाची नवी वडी उघडत बसलो, तेवढ्यात ते पहार घेऊन दारात उभे. मी तोंडाला फेस लागलेला तसाच बाहेर आलो. बस चालवलेला माणूस, आवाज मोठा. म्हणाले, अहो, तिकडे पोर रडून अर्धी झाली आणि तुम्ही इथे चोळत बसलाय होय? दोघंही हसलो. पण ते जाताना पहार आमच्याच दारामागे ठेवून गेले. म्हणाले, राहू दे, रोज कोण ने-आण करणार.

मागच्या व्हिडिओ कॉलला तू बोलत होतीस आणि मी तुझे डोळे बघत होतो. जन्म चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यात गेला, त्यामुळे माणूस समोर आला की माझी नजर आधी तिथेच जाते. तू पापणी मिटत नाहीस, खारू. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या आहेत, आणि मान एका बाजूला अशी धरतेस की जणू खांद्यात आणि कानात काहीतरी अडकलं आहे. दिवसभर ऑफिसात इमारतींचे नकाशे पडद्यावर काढायचे, आणि ते संपलं की फोनवर मी. आमचे मालक काच घासायच्या चाकावर बसलेल्या माणसाला मध्येच हटकायचे, मान वर कर, समोरच्या भिंतीकडे बघ, मग पुढची काच घे. तेव्हा राग यायचा. तुला हे फोनवर सांगायला गेलो तर तू म्हणालीस, बाबा, माझं राहू द्या, तुम्ही आज औषध दुपारी उशिरा का घेतलंत?

आत्ता बाहेर जाऊन बसून आलो. खुर्चीत बसल्यावर कपाटाकडे बघायचं नाही असं ठरवतो, तरी बघतो. तुला मी दिसतो, मला फक्त एक बारीक हिरवा दिवा दिसतो. तू आहेस की नाहीस ते कळत नाही, म्हणून तू आहेसच असं धरून बसावं लागतं. पाठ ताठ, चेहरा बरा. दुखलं तर चेहऱ्यावर आणायचं नाही.

तुझ्या छोटीचा मला फोन येतो, हे तुला माहीत नाही. तिला रागावू नकोस. जावई ऑफिसातून येऊन आंघोळीला गेले की त्यांच्या फोनवरून करते. पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, शाळेतलं काही सांगायचं असेल. ती हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, तुम्ही जरा झोपा ना. तुम्ही झोपलात की आई फोन ठेवते आणि माझ्याशी खेळते." मी विचारलं, किती वेळ झोपू? तर म्हणाली, पत्ते होईपर्यंत. तेव्हापासून तिचा फोन आला की मी खुर्ची मागे करून डोळे मिटून पडतो. झोप नसते. संध्याकाळची खेळायची वेळ, खाली रस्त्यावर सगळी पोरं ओरडत असतात, आणि मी हललो तर तुमचा डाव मोडेल म्हणून पायही हलवत नाही. पाय सुजतात ते त्यामुळेच. तू विचारलं होतंस तेव्हा मी चपला घट्ट झाल्या म्हणालो होतो. आता डॉक्टरांना दाखवलं आहे, रोज चालायला सांगितलं आहे. पण चालायला बाहेर पडलो की खुर्ची रिकामी दिसते.

आता तुझ्या आईचं. तिच्या मनगटाचं प्लास्टर काढायला गेलो होतो, तेव्हाच तिला धाप लागलेली डॉक्टरांनी पाहिली आणि तपासण्या केल्या. हृदय थकलं होतं. ऑपरेशन झेपणार नाही, औषधांवर जेवढं जाईल तेवढं, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. घरी आल्यावर सरळ स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि म्हणाली, खारूला सांगायचं नाही. नोकरी सोडून ती इथे येऊन बसेल आणि तिकडे पोरीचे हाल होतील. मी वाद घातला. त्या दिवशी मात्र तिचा शब्दन् शब्द मला ऐकू आला, आणि शेवटी मी ऐकलं. निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. त्या दिवसापासून ती दम लागला की आत यायची. ओट्याशेजारी एक स्टूल ठेवलं होतं, त्यावर बसायची, भिंतीला डोकं टेकवायची, श्वास जागेवर आला की कंगवा फिरवून पुन्हा बाहेर. तुला दिसायची ती चालती-फिरती, पडदे लावणारी, हसणारी आई. दमलेली आई इथे आत होती, आणि ती तुला दिसू नये एवढी काळजी तिने घेतली होती. तू रात्रंदिवस बघत बसली असतीस तरी तुला ती दिसली नसती. तुझं लक्ष कमी पडलं नाही, पोरी. तुला दिसेल असं तिने काही ठेवलंच नव्हतं.

परवा जावयांचा फोन आला. माणूस कमी बोलतो, माझ्यासारखाच, त्यामुळे फोन आला तेव्हाच मी तो घेऊन स्वयंपाकघरात आलो. ऑफिसच्या खाली, गाड्या लावतात तिथून बोलत होते. गाडीचं त्यांनी सांगितलं. तू छोटीला शाळेतून आणत होतीस, स्टिअरिंगशेजारी फोन उभा करून ठेवला होता, आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे गाडी जाऊन आदळली. वेग कमी होता म्हणून निभावलं. छोटीच्या कपाळाला टाके पडले. म्हणजे त्या आठवड्यात कॉलवर तिला सारखी टोपी होती ती यासाठी, आणि मी तिला विचारत होतो, घरात कसली गं थंडी वाजते. गाडी आपटली तरी फोन खाली पडला नव्हता, आणि त्यावर आमची बाहेरची खोली होती. रिकामी खुर्ची. मी दाढीचं सामान आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो होतो. ते मला दोष देत नव्हते, तुलाही नाही. फक्त म्हणाले, "बाबा, तिला मी सांगून थकलो. आता तुम्हीच काहीतरी करा." फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक सांगितलं. आईच्या शेवटच्या दुपारचं रेकॉर्डिंग तू जपून ठेवलं आहेस, आणि रोज डबा खाताना ते लावतेस.

ते कळलं म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी ते रेकॉर्डिंग पाहिलेलं नाही, पण जावयांनी सांगितलं त्यात काय आहे ते. आई खुर्चीतून उठते, छातीवर हात ठेवते, आत जाते. मग बराच वेळ रिकामी खोली. मग मी धावत बाहेर येतो आणि ड्रायव्हरसाहेबांना हाक मारतो. फोनवर कॅमेऱ्याची सूचना आली तेव्हा तू मीटिंगमध्ये होतीस आणि ती बोटाने बाजूला सारलीस. तेवढा सगळा वेळ आई आत एकटी पडून होती आणि मी मागच्या गॅलरीत होतो, असं तू धरून बसली आहेस. तू कधी विचारलं नाहीस, आणि मीही आपण होऊन सांगितलं नाही. तुला वाटलं तुला सगळं दिसलं आहे. खारू, मी गॅलरीत नव्हतो. मी इथेच, या ओट्यापाशी चहा टाकत होतो. ती आत आली, स्टुलावर बसली, पण डोकं भिंतीला न टेकवता माझ्या कमरेला टेकवलं. मी गॅस बंद केला आणि तिला धरलं. फोन करतो म्हणालो तर तिने माझा सदरा मुठीत पकडून ठेवला. तिने एकच विचारलं, "इथून तिला दिसत नाही ना?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग बरं." थोड्या वेळाने सदऱ्यावरची तिची मूठ सुटली. तिचा श्वास थांबल्यावरही मी तिला तसंच धरून उभा होतो, म्हणून तुझ्या रेकॉर्डिंगमधली खोली इतका वेळ रिकामी आहे. अंगात उरलेली सगळी ताकद वापरून ती त्या खोलीतून उठली, ती तुला ते बघावं लागू नये म्हणून. आणि तू रोज जेवताना तेच बघते आहेस. पत्र वाचून झालं की मला फोन कर. कपाटावरची वायर मी तुझ्याशी बोलता बोलता काढीन, म्हणजे तू घाबरणार नाहीस. मग संध्याकाळी पुन्हा फोन कर आणि मी जेवलो का ते विचार. मी सांगेन.

तुझाच, धडधाकट,
बाबा