अख्खी गिळायची गोळी

अण्णा, काल डॉक्टरांनी माझी गोळी बदलली. ब्लडप्रेशरच्या जुन्या गोळीने पाय सुजत होते, संध्याकाळपर्यंत चपलेचा पट्टा रुतायचा. आता दिली आहे ती थेट तुमचीच, डिल्टियाझेम, दिवसातून एकदा घ्यायची. दुकानातल्या मुलीने स्ट्रिप हातात ठेवली आणि म्हणाली, "आंटी, इसको तोड़िएगा मत, साबुत निगलिएगा." मी हो म्हटलं, पिशवी घेतली, आणि दूधविनायकाच्या गल्लीत शिरेपर्यंत ठीक होते. मग कुणाच्या तरी ओट्यावर बसावं लागलं. शेजारणीने विचारलं तर गुडघ्यांवर ढकललं. हेच वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि ते मी तुमच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं. आज मी तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, तेव्हा आता बोलायला हरकत नसावी.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात आपण दोघंच. तुमची छाती धरायला लागली ती गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर. उतरताना काही नाही, पण स्नानसंध्या उरकून वर येताना तुम्ही मध्येच थांबायचात, आणि कोणी पाहिलं तर नावा बघत उभे आहोत असा आव आणायचात. आव तुम्हाला कधी जमला नाही. शेवटी मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं की हृदयाला रक्त पोचवणाऱ्या नळ्या आकसतात, ही गोळी त्यांना सैल करते, रक्ताचा दाबही उतरवते. कॅल्शियमला आत शिरायची वाट अडवते म्हणून हे घडतं. तुम्ही एवढ्यातून 'कॅल्शियम' तेवढं उचललंत. "मतलब चूना? तो पान में चूना बंद करें?" डॉक्टर पोट धरून हसले. "पंडितजी, चूना रहने दीजिए, तंबाकू छोड़िए." तुम्ही घरी येऊन चुना सोडलात आणि तंबाखू ठेवलीत. आठ दिवस बिनचुन्याचं पान चघळत होतात, चेहरा असा की जणू मोठं व्रत चाललंय.

गोळी अख्खी गिळणं हा तुमच्या लेखी अडाणीपणा. पाठशाळेत व्याकरण शिकवायचात, पण श्रद्धा सगळी वैद्याच्या खलावर. औषध घोटून मधात चाटवल्याशिवाय अंगी लागत नाही, हा सिद्धांत. शिवाय गोळी घशात अडकून तुम्हाला खरंच उमासे यायचे. म्हणून काळ्या दगडाचा खल निघाला आणि काम माझ्याकडे आलं. पहिल्याच पहाटे मी बत्ता आपटला तर स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "कूटतेस काय? हळद आहे का ती? घोट. मनगट फिरव, खांदा नाही. जल्दी कशाची आहे तुला?" मग रोज हेच. मी घोटते आहे, तुम्ही दारात उभे, पंचा खांद्यावर, आणि माझं मनगट चुकलं की घसा खाकरता. स्नानाआधी तोंडात काही न घालणारे तुम्ही, पण औषधाला दोष नाही म्हणायचात, कारण चढण चढायच्या आधी ते पोटात जायला हवं होतं. दोनतीन आठवड्यांत तुम्ही मध्ये न थांबता वर यायला लागलात. ब्रह्माघाटावरचे एक गुरुजी घरी आले होते, त्यांना तुम्ही सांगितलंत, "हिच्या हाताला गुण आहे." गुण गोळीचा होता, हे काय मला कळत नव्हतं? पण शाळेत पहिला नंबर आला तेव्हा 'ठीक' म्हणून पंचांगात डोकं घालणारा माणूस असं म्हणाला होता. मी आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

ती पहिली गोळी साधी होती, दिवसातून तीनदा घ्यायची. दुपारची तुम्ही पाठशाळेत हटकून विसरायचात, मग डॉक्टरांनी दिवसातून एकदाच घ्यायची मोठी गोळी लिहून दिली. आणायला मी एकटीच गेले होते. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर. म्हणाला, "बिटिया, पंडितजी से कह देना, इसको पीसें नहीं. साबुत निगलना है. दिन भर धीरे-धीरे घुलती है ये." मला समजलं, अण्णा. नीट समजलं. गल्लीभर मी मनात घोकत आले की हे तुम्हाला कसं सांगायचं. घरी पोचले तर खल धुऊन, पुसून भिंतीशी पालथा घालून ठेवलेला. तुम्हीच ठेवला होतात. "उद्यापासून एकदाच घोटायचं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. तुम्ही चिडाल, तुम्हाला उमासे येतील, अशी कारणं मी स्वतःला दिली आणि ती खोटी नव्हती. पण खरं असं की दिवसभरात तेवढा एकच वेळ तुम्ही माझ्याजवळ उभे राहायचात, आणि तो मला सोडायचा नव्हता.

नवी गोळी कडक होती, जास्त वेळ घोटावी लागली. पहिल्या दिवशी घाटावरून येऊन तुम्ही म्हणालात, "आज डोकं जरा गरगरतंय." एकादशी होती, उपासावर ढकललंत, आणि मीही ढकललं. दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून उठलात, दहाबारा पायऱ्या चढलात आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एका नावाड्याने तुम्हाला पाठुंगळी घेऊन घरी आणलं. कपाळ फुटलेलं, डावं मनगट मोडलेलं, आणि गुडघा असा दुखावलेला की तो पुढे कधी पुरता वाकलाच नाही.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. नाडी मोजली, दाब पाहिला, कपाळाला आठ्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी आहे. ते म्हणाले, ही गोळी चुरली की दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं, दाब कोसळतो, नाडी मंदावते, माणूस उभ्या उभ्या पडतो. आणि मग तुम्हाला विचारलं, "साबुत ही लेते थे न, पंडितजी?" लहानपणी मी एक खोटं बोलले म्हणून तुम्ही मला दिवसभर देवापुढे उपाशी बसवलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग डॉक्टरांकडे वळून म्हणालात, "साबुत ही. एकदम साबुत." डॉक्टर म्हणाले, मग ही तुम्हाला मानवत नाही, जुनीच घ्या तीनदा, पण मनाने बंद मात्र करू नका. या वेळी मी दुकानदाराला विचारलं. जुनी गोळी घोटलेली चालते, म्हणाला.

त्यानंतर तुम्ही नऊ वर्षं होतात आणि एकदाही घाट उतरला नाहीत. रोज सकाळी कोणी गंगेची कळशी आणून द्यायचं, तुम्ही मोरीत पाटावर बसून ते पाणी अंगावर घ्यायचात आणि संकल्पात घाटाचं नाव घ्यायचात. मला ते ऐकवायचं नाही. मी मोठ्याने भांडी घासायची. लोक विचारायचे तेव्हा पायऱ्यांवरच्या शेवाळाला दोष द्यायचात, आणि पुढे हमखास जोडायचात, "पण हिच्या हाताला गुण आहे, म्हणून वाचलो." मला दर वेळी वाटायचं, जमिनीने पोटात घ्यावं. राग यायचा तुमचा. मला वाचवायला खोटं बोललात की स्वतःच्या हट्टाची लाज वाटली म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही असेल.

हे लिहिलेलं वहीतच राहील. गंगेत सोडायचं मनात आलं होतं, पण जिथे तुम्हाला जाता आलं नाही तिथे माझा कागद कशाला जायला हवा? आज सकाळी मी माझी गोळी अख्खी गिळली, पाण्याबरोबर, अर्ध्या मिनिटात. तुम्ही पुढची नऊ वर्षं त्या दुकानाची गोळी घेत होतात, म्हाताऱ्याची आणि तुमची ओळखही होती. तरी त्याने काही बजावलं होतं का, एवढं एक मला तुम्ही कधीच विचारलं नाहीत. बरं झालं, अण्णा. विचारलं असतंत तर मी नाही म्हणाले असते.