कपाटाची पलीकडची बाजू

ती. दादा,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हे रीत म्हणून लिहिलेलं नाही. गेला आठवडाभर मी खरोखरच जमिनीवर पालथा पडलो आहे, त्यामुळे आपल्या घराण्यातला हा सर्वांत प्रामाणिक साष्टांग नमस्कार समजावा. उताणं झोपायला डॉक्टरांनी मनाई केली आहे आणि कुशीवर झोपायला कंबरेने.) तुझी तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, लेकीच्या इमारतीत लिफ्ट असल्यामुळे दिवसभर काहीच चढायचं-उतरायचं नसतं तर तू वेळ कसा घालवतोस, हे सगळं मला फोनवरही विचारता आलं असतं. पण फोनवर तू 'ठीक' म्हणतोस आणि लगेच फोन नातीच्या हातात देतोस. ती मला कुत्र्याचा आवाज काढायला लावते आणि तुझी खुशाली तशीच राहते. म्हणून पत्र. पत्र तरी अर्ध्यात दुसऱ्याकडे देता येत नाही.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, सगळे जिवंत आहेत. (असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या पोटात आधी गोळा येतो, असं आमच्या हिचं म्हणणं. ती शेजारी भाजी निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो ते डोकावून बघते आहे. पालथ्या माणसाला कागद लपवता येत नाही.)

तर तू गेल्यावर मी हाताशी एक पैलवान ठेवला. हे त्याचं टोपणनाव. खरं नाव त्याच्या आईशिवाय कोणी घेत नाही. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून लोखंड उचलतो. दारातून आधी त्याची छाती आत येते आणि मग सवडीने तो. टेम्पोचा फाळका उघड म्हटलं तर उखडून हातात देतो. स्वभावाने मात्र गाय. त्याचा एकच दोष, तो बोलत नाही. आता आपल्या धंद्यात बोलल्याशिवाय कसं चालेल? सामान उचलणारी दोन माणसं एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये कपाट असतं. म्हणून इकडच्याने 'घे' म्हणायचं, तिकडच्याने 'घेतलं' म्हणायचं, आणि 'घेतलं' कानावर आल्याशिवाय इकडच्याने कंबर सरळ करायची नाही, हा तू घालून दिलेला नियम. आपला अबोला असायचा तेव्हासुद्धा हे दोन शब्द चालू असायचे. वहिनी म्हणायची, या दोघांचं भांडण मिटवायचं तर यांच्यामध्ये एखादं कपाट ठेवा. पैलवान मात्र 'घे' म्हटलं की मान डोलावतो. कपाटाआड डोलावलेली मान मला कशी दिसणार, हे मी त्याला पहिल्या दिवसापासून समजावतो आहे. तो शांतपणे सगळं ऐकून घेतो आणि मान डोलावतो.

तुला त्या मुख्याध्यापिका बाई आठवत असतील. तीन दारांचं सागवानी कपाट, तिसरा मजला. आपण ते घामाने निथळत वर नेलं आणि बाईंनी 'जरा डावीकडे, नाही, होतं तिथेच बरं होतं' असं करत खोलीभर फिरवलं. (तू जिना उतरताना म्हणाला होतास, की या कपाटाने आज आपल्यापेक्षा जास्त पाहुणचार घेतला.) बाई आता निवृत्त झाल्या आणि त्यांचे गुडघेही. जिना चढवेना म्हणून त्यांनी त्याच इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं आणि कपाट खाली आणायला मला बोलावलं. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, 'आणि दुसरे कुठे आहेत?' मी पैलवानाकडे बोट दाखवलं. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, हे नव्हेत.

एक मजला सुरळीत उतरलो. पुढच्या वळणावर, जिथे जिना अरुंद होतो आणि कठडा आडवा येतो, मी वरच्या बाजूने म्हटलं, घे. उत्तर नाही. मी थांबलो. खाली पैलवानाने मान डोलावून कपाट ओढायला सुरुवातही केली होती. मी धरून ठेवलेलं आणि तो ओढतो आहे, अशात कपाटाला बांधलेला पट्टा निसटला, कपाट तिरकं झालं आणि धाडकन खाली गेलं. पैलवान वळणाच्या सपाटीवर पडला, कपाट त्याच्या छातीवर. आधी त्याचा आवाज आला आणि मग आवाज यायचा बंद झाला. दादा, तो बंद झालेला आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

पुढचं मला नीट आठवत नाही. बाई वरून बघत होत्या, त्यांनी सांगितलं तसं लिहितो. मी म्हणे कठड्यावरून उडी मारून खालच्या बाजूला गेलो. (मी. माळ्यावरचा डबा काढायचा तरी स्टूल हलतंय म्हणून हिला चढवणारा.) कपाटाच्या कडेखाली हात घातले आणि ओरडलो, 'दादा, घे.' सवय, दुसरं काय. जन्मभर जे नाव घेऊन ओझं उचललं तेच तोंडात आलं. आणि दादा, खरं सांगतो, हसू नकोस, पलीकडून उत्तर आलं. 'घेतलं.' दबका, ओढलेला आवाज, तू दमलास की यायचा तसा. ते ऐकलं आणि मी कंबर सरळ केली. कपाट उठलं. एक बाजू नव्हे, अख्खं कपाट पायऱ्यांवरून सुटून अधांतरी झालं, असं बाई शपथेवर सांगतात, आणि बाई खोटं बोलत नाहीत, तेवढ्यासाठी त्यांनी अनेक पिढ्यांना बाकावर उभं केलं आहे. पैलवान सरपटत बाहेर आला. मी कपाट भिंतीला टेकवून ठेवलं, हळूच, लाकडाला ओरखडा न येऊ देता. मग घाम पुसला आणि पलीकडे बघितलं, तुला म्हणायला की बाबा, आज वाचलो. पलीकडे कोणी नव्हतं. मी तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडलो. लोकांना वाटलं कंबर गेली. कंबरेला तेव्हा काहीसुद्धा झालं नव्हतं.

ती गेली दुसऱ्या दिवशी. अख्खं कपाट उचलणारा हा वीर सकाळी चप्पल उचलायला वाकला आणि तिथेच राहिला. डॉक्टर म्हणाले, यात चमत्कार काही नाही. माणसाच्या अंगात असते त्यातली पुष्कळ ताकद शरीर आपल्याला वापरूच देत नाही, नाहीतर आपण स्वतःचेच स्नायू तोडून घेऊ. जिवावर बेतलं की मात्र ते सगळं एकदम मोकळं सोडतं, दुखणंसुद्धा तेवढ्यापुरतं बाजूला ठेवतं, आणि नंतर हिशेब चुकता करून घेतं. म्हणजे आमची ही चांगली कपबशी पाहुण्यांसाठी कुलपात ठेवते तसंच. मी हे बोलून दाखवलं आणि त्या दिवशीचा चहा जरा उशिरा मिळाला.

तोवर बातमी गावभर झाली होती. गॅरेजवाला गाडी घेऊन आला, जॅक मोडलाय, जरा मागची बाजू धरतोस का. विमा एजंट आला, असं वारंवार होणार असेल तर हप्ता वाढेल म्हणाला. बाईंच्या शेजाऱ्यांनी तर कपाट पडलं त्याच संध्याकाळी मला त्याच वळणावर त्याच कपाटापाशी उभं केलं होतं, की आता पुन्हा उचलून दाखवा, आम्ही तेव्हा घरी नव्हतो. मी हात घातला. कपाट हललं नाही. मनातल्या मनात 'दादा, घे' म्हणूनही बघितलं. काही नाही. शेजारी हळहळले आणि आपापल्या घरी गेले. मला हळहळ वाटली ती वेगळी. कपाट न उठल्याचं काही नाही, उत्तर आलं नाही याचं फार वाटलं.

वहिनी गेली आणि तू लेकीकडे चार दिवस म्हणून गेलास. ते चार दिवस अजून सरलेले नाहीत. तुझं मन इथे लागत नसेल हे मला कळतं. या घरात जिथे हात लावावा तिथे वहिनी आहे. पण दादा, मला तुझी फार आठवण येते. जेवताना नाही, सणावाराला तर त्याहून नाही. ओझ्याला हात घातला की येते, आणि आपला धंदाच असा की दिवसभर ओझ्यालाच हात. असो. पालथं पडून फार लिहिलं की अक्षर आणि डोळे दोन्ही ओले होतात.

लेकीला, जावयाला माझी आठवण सांग. नातीला म्हणावं, कुत्रा सध्या आजारी आहे, बरा झाला की भुंकेल.

तुझा,
धाकटा (सध्या वाकडा)

ता. क. तुझा तो रुंद चामडी कमरपट्टा तिकडे नुसता पडून असेल तर पाठवून दे. डॉक्टर म्हणाले, पट्टा हवाच.

ता. क. २. हिने हे वाचलं आणि तिचा निरोप असा, की दादांना सांगा, पट्टा पाठवू नका, घेऊन या. तुझी खोली तिने झाडून ठेवली आहे. (ती रोजच झाडते. मला आज कळलं.)

ता. क. ३. आत्ता पैलवान भेटायला आला होता. त्याच्या दोन बरगड्यांना पट्टी आहे. जाताना म्हणाला, 'काका, त्या दिवशी “घेतलं” असं मीच म्हणालो. तुम्ही विचारलंत. आणि उत्तर आल्याशिवाय तुम्ही उचलणार नाही, हे मला माहीत होतं.' छातीवर कपाट असताना, उरल्यासुरल्या श्वासात, म्हणे. तेव्हा वर ज्या आवाजाबद्दल एवढं लिहिलं आहे तो तुझा नव्हता, त्यावर वाटल्यास काट मार. मला मारवत नाही.

ता. क. ४. कपाट अजून जिन्यातच आहे. लोक अंग चोरून जातात-येतात, सध्या पाऊस आहे तर त्याला छत्र्या लटकवतात. बाईंनी त्यात आपले कपडेही लावले आहेत आणि रोज सकाळी त्याच गुडघ्यांनी चढून वर येतात. मी माफी मागायला माणूस पाठवला तर त्यांनी कळवलं, येऊ देत दुसरे, मी थांबते. काल पैलवानाच्या तालमीतले चौघे दांडगे स्वतःहून आले होते. ते कपाट त्यांनी हसत-खेळत खाली नेलं असतं. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. म्हटलं, एक बाजू कोणीही धरा, दुसरी माझ्या दादाची आहे.