अंजिराला टांगलेला कागद

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र इतक्या लवकर आलं म्हणून घाबरू नकोस, माणसं ठीक आहेत. आजारी आहे ते अंगणातलं आईचं अंजीर. आधी खालची पानं पिवळी पडली, मग कडा तपकिरी झाल्या, आता रोज ओंजळभर गळतात. उरलेली तहानल्यासारखी माना टाकून असतात. सकाळी सहाला मी एक झारी पाणी घालायचो, आता दोन घालतो. गुण नाही. दुकानातलं भिंग आणून पानं उलटसुलट पाहिली. कीड नाही, जाळं नाही. एखाद्या घड्याळात इतकं शोधलं असतं तर एव्हाना दोष सापडला असता.

आई गेली त्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून धाकटा माझ्याशी बोलत नाही, हे तुला माहीतच आहे. पुढच्या दोन खोल्यांत तो, मागच्या दोन खोल्यांत मी, मधे अंगण. पहाटे तो बस काढायला जातो, मी उठतो तेव्हा त्याच्या दाराला कुलूप. मी दुकान बंद करून येतो तेव्हा त्याचा दिवा विझलेला. झाडाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आईने जाताना मला एकट्याला सांगितलं होतं, झाडाकडे तू बघ, त्याच्या लक्षात राहायचं नाही. हे झाड गेलं तर आम्हां दोघांचं म्हणावं असं या घरात काही उरणार नाही. तीस वर्षं तू नर्स होतीस, काहीतरी सुचव.

दिवसभर दुकानात चाळीस घड्याळं टिकटिकत असतात. घरी आलो की शांतता कानाला टोचते.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझा मिनिट्या


९ मे

ती. ताईस,
सा. न.

अक्षराला हसू नकोस, बस डेपोत उभी आहे आणि मांडीवरच्या डब्यावर कागद ठेवून लिहितोय. अंजीर वाळत चाललंय. दादाला त्याचं काय! झाड मेलं तरी वेळेवर मेलं का, एवढंच तो पाहील. फेब्रुवारीपासून मला पहाटेची पाळी आहे. दुपारी तीनला घरी येतो आणि पाणी मीच घालतो. आधी एक झारी, पानं माना टाकायला लागली तशी दोन. माती कायम ओली दिसते, नळ गळत असावा. आईने मला बजावलं होतं, झाडाकडे तू बघ, तो घड्याळात डोकं घालून बसेल.

तू दर पत्रात विचारतेस की दादाशी बोलत का नाहीस. ऐक तर. आई सकाळी दहाला गेली. दादाने मला सांगितलं संध्याकाळी सातला. नऊ तास मी बस चालवत होतो, एका म्हाताऱ्या प्रवाशाची थट्टासुद्धा केली. ते हसणं अजून घशात अडकलंय. बोलायचं म्हटलं तर आधी त्यावरच बोलावं लागेल, आणि तिथेच गाडी बंद पडते.

परवा माझा वाढदिवस झाला. दोन अंडी उकडली आणि दोन्ही मीच खाल्ली.

तुझ्या पत्राची वाट पाहतो, दुसऱ्या कुणाचं येत नाही.
तुझा भोंग्या


१५ मे

चि. मिनिट्या आणि चि. भोंग्या,
दोघांना अनेक आशीर्वाद.

पाकीट एक, कागद एक, आणि तेही मुद्दाम. ज्याच्या हाती आधी पडेल त्याने वाचून दुसऱ्याच्या दाराखालून सरकवावा. बोलायची सक्ती नाही.

झाड तहानलेलं नाही रे, ते बुडतंय. मिनिट्या सकाळी दोन झाऱ्या ओततो, भोंग्या दुपारी दोन. मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. ते पाहून तुम्ही आणखी ओतता. मुळाशी उकरून वास घ्या. कुबट आला तर माझं खरं.

वॉर्डात नवी असताना मीही हेच केलं होतं. आधीच्या पाळीतल्या नर्सने झोपेचं औषध दिलं होतं. तिने लिहून ठेवलं नाही, मी विचारलं नाही, आणि तेच औषध पुन्हा दिलं. तो माणूस दीड दिवस उठला नाही. मी उशाशी बसून रडत होते. तेव्हापासून माझा एकच नियम, दिलं की लिहायचं. झाडाला कागद टांगा. तारीख, वेळ, किती पाणी, सही. बोटाच्या दोन पेरांइतकी माती कोरडी लागेपर्यंत झारीला हात लावू नका.

आईने झाड तुम्हां दोघांवरही सोपवलं होतं, हे मला तुमच्या पत्रांतून कळलं. मला ती म्हणाली होती, त्या दोघांकडे बघ. मी चौथ्या मजल्यावरच्या खोलीत बसून तुमची पत्रं पुन्हा पुन्हा वाचते, माझं बघणं ते एवढंच. फार कमी पडलं.

मिनिट्या, ते नऊ तास का, हे तू मलाही कधी सांगितलं नाहीस. कागदावर जागा भरपूर असते.

रागवायचं असेल तर दोघे मिळून माझ्यावर रागवा.
तुमची ताई


८ जून

ती. ताईस,
सा. न.

वास कुबटच आला. नळ ठणठणीत आहे.

कागद दादाने टांगला. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, पट्टीने रेघा मारलेला, वेळेचा रकाना सगळ्यांत रुंद. मी हसलो, पण एकटाच. आठ दिवस सकाळी त्याचं आणि दुपारी माझं, पाणी नाही, पाणी नाही, एवढंच चाललं होतं. मग २७ तारखेचं त्याचं लिहिणं जसंच्या तसं उतरवतो.

‘सकाळी ६.०४. माती ओली. पाणी नाही. तुझ्या मागे पंचेचाळीस माणसं बसलेली होती. चाकावर हात असताना तुला कळवायची भीती वाटली. डेपोत फोन लावायला तीनदा घेतला आणि ठेवला.’

दोन दिवस मी माझा रकाना कोरा सोडला. तिसऱ्या दिवशी लिहिलं, मी बस बाजूला घेतली असती. त्याने त्याखाली लिहिलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर आठवडाभर पुन्हा पाणी नाही, पाणी नाही.

अर्ध्याहून जास्त पानं गेली. एका फांदीच्या टोकाला नखाएवढं नवं पान आहे, जगेल की नाही सांगवत नाही. काल माझी सुट्टी होती. सकाळी कागद पाहिला तर लिहिलं होतं, ‘माती कोरडी. पाणी एक झारी. चहा दोन कप.’ वेळेचा रकाना त्याने कोराच ठेवला होता. दादाने, ताई!

मी त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा आत गेलो तेव्हा चहा गार झाला होता. तसाच प्यालो.

पत्रं थांबवू नकोस, आम्हांला अजून कागदच लागतो.
तुझा भोंग्या

ता. क. हे पत्र त्याने माझ्या दाराखालून सरकवलं, म्हणून दुरुस्ती करतो. चहा गार नव्हता, कोमट होता, मी दोनदा गरम केला होता. तिसरा कप धुऊन ठेवला आहे, तू कधी येतेस ते वेळेसह कळव.
मिनिट्या