कागदावरचं कुंकू

२ ऑक्टोबर १९५६
माझा रेडिओ मेला! मेला कसला, मारला. धाकट्या बहिणीने, विनोदिनीने, त्याची बॅटरीच उपसून नेली. बाईसाहेब कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, म्हणून घरभर रसायन.
"अगं, तारेत वीज आहे की!"
"दादा, तारेतली वीज सेकंदाला शंभरदा तोंड फिरवते. तुझ्या संपादकांसारखी. मला एकाच दिशेने जाणारी हवी."
हे वाक्य माझ्या सदरात यायला हवं होतं. चोरणार आहे.

४ ऑक्टोबर
यंत्र माजघरात मांडलं गेलं. लोणच्याच्या दोन बरण्या, त्यांत टाकणखाराचं, म्हणजे बोरॅक्सचं, पाणी. मध्ये काचेवर गाळणकागदाची ओली पट्टी, तिची टोकं दोन्हीकडे पाण्यात. टॉर्चच्या जुन्या सेलमधल्या काळ्या कांड्या बरण्यांत उभ्या, आणि कांड्यांना माझी बॅटरी. विनी म्हणते, पाण्यात विरघळलेल्या कणांवर वीजभार असतो. उणे भाराचे अधिक टोकाकडे ओढले जातात, अधिक भाराचे उणे टोकाकडे. कुणी भरभर, कुणी रेंगाळत. रक्तातली प्रथिनं अशी वेगळी करून बघायची आहेत तिला.
मी म्हटलं, हे तर आमच्या मध्यभारताचं चाललंय! पहिली नोव्हेंबर आली की आमचं राज्य नव्या मध्यप्रदेशात विरघळणार. मग फायली, बाबू, कपाटं, सगळी निघाली भोपाळकडे. वशिल्याचे भरभर, बाकीचे रेंगाळत.
विनी हसली नाही. आतून आमच्या सौभाग्यवतीचा, अंबिकेचा, आवाज — "माझ्या बरण्या परत कधी?"

७ ऑक्टोबर
अंबिकेचं कपाळ चिघळलंय. यंदाच्या चैत्रात मला टायफॉइड झाला तेव्हा ही देवीला नवस बोलली — हे वाचले तर वर्षभर बंद्या रुपयाएवढं कुंकू लावीन. मी वाचलो. तेव्हापासून फेरीवाल्याकडचं लालभडक कुंकू रोज, रुपयाएवढं. त्याखाली आता जखम. सूज भुवईपर्यंत उतरली.
डॉक्टर म्हणाले, "देखिए बाई, आँख तक गया तो मैं कुछ नहीं कर सकूँगा. ये पोंछ डालिए."
घरी आल्यावर ही माझ्यावरच उखडली. "पुसा म्हणे! कुंकू पुसणं म्हणजे काय ते कळतं का त्या मेल्याला? आणि तुम्ही मुंडी हलवताय!"

१० ऑक्टोबर
समजावलं. चिडलो. नकला करून दाखवल्या. अख्खं उज्जैन माझ्या जिभेला भितं, ही नाही. आज कुंकू आणखी मोठं — खालची जखम झाकायला. डावा डोळा अर्धाच उघडतो.

१३ ऑक्टोबर, खंडेनवमी
हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.
सकाळी हिने पूजेला हत्यारं मांडली. विळी, अडकित्ता, माझं फाउंटन पेन ("हेच तुमचं खरं हत्यार, बघून चालवा"). मग माजघरात गेली. विनीची नवी पट्टी नुकतीच चालू झाली होती. हिने बरण्यांना हळदीकुंकू वाहिलं, आणि भक्तिभावाने एक बोट मधोमध त्या ओल्या कागदावर टेकवलं!
विनी किंचाळली. "वहिनी! अहो, माझी पट्टी!"
"मग काय यंत्राला उपाशी ठेवू सणाच्या दिवशी?"
पट्टी वाया गेली म्हणून विनी रागाने निघून गेली. बॅटरी काढायचं कुणालाच सुचलं नाही.
संध्याकाळी मी सहज डोकावलो, आणि कागदाशेजारीच बसकण मारली.
सकाळी एकच ठिपका होता, लाल. आता लाल नाहीच! केशरी निघून गेलेला अधिक टोकाकडे, वीतभर. गुलाबी उलट्या दिशेला, उणे टोकाकडे. मूळ जागी पांढुरकी पूड तेवढी उरलेली, उत्सव संपल्यावरच्या मांडवासारखी. कुणी ढकललं नाही. आवाज नाही, वारा नाही. निपचित पडलेला ओला कागद, आणि त्याच्या पोटात दिवसभर एवढी कूच चाललेली! ज्याला मी रंग म्हणत होतो ती गर्दी होती. प्रत्येकाला आपापली दिशा ठाऊक होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं.
जन्मभर लोकांचे खरे रंग काढून दाखवायची शेखी मिरवली. बरणीने ते काम एका शब्दावाचून केलं. मी दोघींना हाका मारल्या.
ही आली. एका डोळ्याने कागदाशी वाकून बघू लागली.
"हे माझं कुंकू?"
विनी हळूच म्हणाली, "वहिनी, यात हळद नाहीच. कापडाचे रंग आहेत, दोन. एकमेकांत कालवलेले."
"म्हणजे हे कुंकूच नव्हे."
"नव्हे."
"मग हे पुसलं तर कुंकू पुसलं असं होत नाही."
हिने तेलात बोळा भिजवला आणि आमच्यादेखत कपाळ साफ केलं. माझ्याकडे बघत होती — मी श्वास घेतोय ना म्हणून.

१४ ऑक्टोबर
दसरा. सोनं द्यायला ही बाहेर आली नाही. शेजारच्या कल्पनाबाईंना आतूनच "ताप आहे" म्हणून सांगितलं.

१९ ऑक्टोबर
डोळा उघडला! पण ही एकच वेळ जेवते. "नवस अर्धवट राहिलाय, त्याचं काय?" मी खोकलो की हिचा घास हातातच थांबतो. मी खोकणं बंद केलंय.

२८ ऑक्टोबर
हिने घरी कुंकू केलं — हळद, टाकणखार, लिंबू. तेही विनीचा टाकणखार चोरून! "बरण्या माझ्या, खार तुझा, फिट्टंफाट." मग स्वतःच पट्टीवर बोट टेकवलं आणि दिवसभर शेजारी पाट मांडून बसली. संध्याकाळी ठिपका होता तिथेच. हळद कागदाला घट्ट धरून असते म्हणे.
"हललं नाही हो!" किती दिवसांनी हसली. पण डॉक्टर म्हणतात, जखम भरेपर्यंत कपाळाला काही लावायचं नाही.

१ नोव्हेंबर
आज नवं राज्य. सकाळी ऑफिसला निघालो तर ही दारात, कोऱ्या कपाळाने, हातात घरचं कुंकू. "मला महिनाभर लावता येत नाही, आणि नवस थांबवता येत नाही. वाका जरा."
वाकलो.
ऑफिसात चपराशी म्हणाला, "क्या साहब, आप भी?" घाम आला की आरशात बघतो. बंदा रुपया. अजून जागचा हललेला नाही.