उजव्या हातातल्या बांगड्या

दिवाळे, १२ नोव्हेंबर १९६३

चिखलातून भुताचा हात वर येतो, तो शॉट आज झाला. नटी खाडीत उतरेना, म्हणून हिराबाई कोळणीचा उजवा हात घेतला. मोकळा दिसतो, बांगड्या हव्यात, असं दिग्दर्शक म्हणाले. मेकअप माझ्याकडे, म्हणजे बांगड्याही मीच भरणार.

"उजव्या हातानच्या लग्नान दर्याला दिल्यान, दादा. धन्याला सांभाल म्हनून."

"सिनेमाच आहे, बाई. घटकाभर घाला."

का बोललो मी असं? डावा हात भरलेला होता. तोच का नाही घेतला?

संध्याकाळी सगळ्या होड्या आल्या, तिच्या नवऱ्याची नाही. ती बंदरावर उभी. हात सुजलाय, बांगड्या निघत नाहीत. फोडून काढू का, मी विचारलं. तिने हात पदराखाली घेतला.