सुभद्राबाईचा तांबडा कोंबडा

चि. सोनाजीस,

थोरल्या बहिणीचा जयभीम.

इकडं आमी समदे जितेजागते हाव, तिकडं तुमीबी तसेच असाल असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, पण लई लांबण लावू नको, गुडघे मलाबी हाईत. भावजयीला सांग, मागच्या खेपेचं लोणचं चांगलं व्हतं. मीठ जास्ती व्हतं, पण चांगलं व्हतं. हे पत्र धनसिंग जीपवाल्याच्या हातानं धाडून राहिले. त्याला आधी पाणी दे, बसायला दे. गाडीत मागं काय हाय हे त्याला इचारू नको आन उठून बघायलाबी जाऊ नको. आधी पत्र पुरं वाच. फोन केला असता, पण फोनवर तू "हां, हां" करतो आन ठेवून देतो. मंग तुला ऐकू आलं न्हाई का ऐकायचंच नव्हतं, हे मला कळत न्हाई. कागदाला हां म्हणून ठेवून देता येत न्हाई. (मी तिसरी शिकलेली. चुका काढत बसू नको. तू चौथीत दोनदा बसला व्हता.)

माझं काही मागणं न्हाई. म्हातारपणी भावाला त्रास देणाऱ्यातली मी न्हाई. नुसतं मनातलं सांगायचं हाय, कारण इथं ज्याला सांगावं तो आधी हसतो.

माझी शेजारीण सुभद्राबाई तुला ठाऊक हाय. सारा जलम आमी दोघींनी पिकाच्या एका ओळीत बसून निंदण केलं, तीच. तिचा रामप्रसाद लई वर्सं परीक्षा देत व्हता आन नापास व्हत व्हता. कंटाळून बाई शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या म्हसोबाला बोलली, की पोरगं नोकरीला लागू दे, अंगणातला तांबडा कोंबडा तुला देते. नुसती बोलली न्हाई, कोंबड्याच्या पायात खुणेचा काळा दोराबी बांधला. पोरगं लागलं, हिंगोलीच्या एका हापिसात. (देवानं लावलं का पोरानं ह्या खेपेला पुस्तक उघडलं, ते म्या इचारलं न्हाई. आपल्या घरात नवस आज्याच्या वक्तापासून बंद हाय, म्हणून दुसऱ्याच्या नवसात आपण तोंड घालू नये.) पण नवस बोलल्यावर आन नोकरी लागायच्या आधी बाईनं गळ्यात माळ घातली. आता तूच सांग. माळ म्हणते कापायचं न्हाई, नवस म्हणतो दिल्याबिगर सुटका न्हाई. बाई मधी उभी. तेवढ्यात रामप्रसाद म्हणला, आई, लेकरू सांभाळायला हिंगोलीला चल. गेली. घराला कुलूप लागलं, कोंबड्या अंगणात ऱ्हायल्या.

नुसत्या कोंबड्या असत्या तरी मी गप बसले असते. पण ह्या रामप्रसादनं लेकराच्या हट्टापायी वसमतच्या बाजारातून चार बदकं आणून टाकली व्हती. लेकराला ती आठ दिवस आवडली. बदकाला पाणी लागतं, हे परीक्षेत कुणी इचारलं नसंल त्याला. जायच्या दिवशी कुंपणावरून मला म्हणतो कसा, "मावशी, जरा लक्ष असू द्या." लक्ष म्हणजे काय रे सोनाजी? दाण्याचं पोतं ठेवलं न्हाई, पाण्याचं भांडं ठेवलं न्हाई, खुराड्याचं दार मोडलेलं ते दोरीनं बांधलं, आन माझ्याजवळ काय ठेवलं तर लक्ष. दर ऐतवारी येतो म्हणला. पहिल्या ऐतवारी आला, कोंबड्यांचे मोबाईलवर फोटू काढले, "किती मोकळ्या हवेत हाईत" म्हणला आन गेला. मंग ऐतवारच बंद झाले.

मला जनावराची माया न्हाई, तुला ठाऊक हाय. कोंबडी म्हणजे अंडं, न्हाईतर रस्सा. पण ह्या वैशाखात तहानलेली कोंबडी असा काही गळा काढते, की माणसाला दुपारी डोळा लावता येत न्हाई. म्हणून मी पाणी ठेवायला लागले, माझ्या झोपेसाठी. पाण्यामागं ज्वारी ठेवली, कारण नुसतं पाणी पिऊन त्या जास्तीच वरडायल्या. बदकांनी तर कुंपणाला बीळ पाडून माझी मोरीच गाठली. मी आंघोळीला बसले की चौघं मोरीच्या तोंडाशी वाट बघत उभी, जशी काही मी त्यांच्यासाठीच आंघोळ करून राहिले. दोन तांब्यांत उरकणारी बाई मी, ह्या उन्हाळ्यात बादली बादली आंघोळ करते. सून म्हणते, आत्याबाई, तब्येत बरी हाय ना.

शेवटी म्या ठरवलं की हे लेंढार गावात वाटून टाकावं. रामप्रसादला फोनवर इचारलं, तो म्हणला, टाका की मावशी. बरं झालं म्हणून निघाले, तर एक माणूस कोंबडी घ्यायला तयार न्हाई. काहून? तर नवस. तीन तांबडे कोंबडे, एकाच कोंबडीखाली निघालेले, एकासारखा एक. देवाचा कोणता ते कळावं म्हणून दोरा बांधला व्हता, तो सुटून खाली पडला आन एका बदकानं गांडूळ समजून गिळला. (म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं. कोणत्या बदकानं, ते इचारू नको. तीबी चारी सारखीच.) आता देवाचा कोंबडा कोणता ते ठाऊक न्हाई, म्हणून तिन्ही नकोत. कोंबड्या त्याच घरच्या, म्हणून त्याबी नकोत. चोरसुद्धा न्हाई आला. दार मोडलेलं, घर बंद, आन साऱ्या गावात चोरांनी सोडलेलं एकच खुराडं.

कनेरगाव नाक्याचा ढाबेवाला मोहनसिंग नवसाचं ऐकायच्या आधी आला व्हता. एकेक कोंबडं उचलून छाती चाचपली आन मला म्हणतो, "मावशी, हे तर नुसते हाडं हाय." म्या म्हटलं, तू काही आमची पोरगी बघायला आला न्हाई, घ्यायचं तर घे. डालीत भरायला लागला, तेवढ्यात कुणीतरी नवसाचं सांगितलं. डाल तिथंच टाकून गेला. ती अजून माझ्याकडं हाय. मंग माझी नात आकांक्षा, हिंगोलीला कॉलेजात जाते ती, म्हणली, आज्जी, मी मोबाईलवर टाकते, लोक दत्तक घेतात. दत्तक हा शब्द ऐकून मी चाट पडले. दत्तक गेलेल्याला जमिनीत वाटा ऱ्हातो, म्या म्हटलं, कोंबडीचं नाव सातबाऱ्यावर लागणार का? तरी तिनं टाकलं. नांदेडाहून एका बाईचा फोन आला. आवाज गोड. नावं काय हाईत म्हणली. म्या म्हटलं, कोंबड्या. न्हाई, तशी नावं न्हाई, एकेकीचं नाव. म्या म्हटलं, बाई, माझ्या सासूनं मला बारा वर्सं नावानं हाक मारली न्हाई, आन कोंबडीला कोण मारतं. बाईनं फोन ठेवला. आकांक्षा दोन दिवस बोलली न्हाई माझ्यासंगं.

हे समदं म्या हसण्यावारी नेलं असतं. पण मधी हिंगोलीला दवाखान्यात गेले तवा सुभद्राबाईकडं डोकावले. सोनाजी, बाई निम्मी झालेली. रामप्रसादच्या बदलीची बोलणी चालू हाईत, दूर गडचिरोलीकडं टाकून राहिले, आन बाईच्या डोक्यात बसलं की हा म्हसोबाचा कोप. एक वक्त जेवते. रात्री उठून बसते. मला म्हणली, "जनका, माळ काढली तरी पाप, न काढली तरी पाप." मी काय सांगणार? बदली हापिसातला साहेब करतो हे मला ठाऊक हाय, तुला ठाऊक हाय. पण झोप तिची गेली, आपली न्हाई. कुणाची गेलेली झोप वाद घालून परत येत न्हाई.

म्हणून म्या गावातल्या दगडोबा भगताला गाठलं. नवसाचं समदं तोच बघतो. तो म्हणला, माळकऱ्याच्या घरचं जनावर कापलंच पाहिजे असं न्हाई, देवाच्या नावानं जितं सोडलं तरी नवस फिटतो, पण कोणतं ते देवानं सांगितलं पाहिजे. देव कसं सांगतो ते तुला ठाऊक असंल. जनावराला हळदीकुंकू लावायचं, वर पाणी शिंपडायचं, त्यानं अंग झाडलं की देवानं पसंत केलं. मंग काय, अमावस्येला धनसिंगाच्या जीपनं सुभद्राबाईला आणलं. रामप्रसादबी आला, सावलीत उभा राहून मोबाईल बघत व्हता. सारं गाव कुंपणाला. तिन्ही कोंबडे रांगेत, कपाळाला कुंकू, नवरदेवासारखे. पाणी शिंपडायचं काम माझ्याकडं, कारण सुभद्राबाईचे हात कापत व्हते आन कोंबडे माझ्याच हातचे.

शिंपडलं पहिल्यावर. त्यानं चोच वर केली आन थेंब पिऊन टाकला. दुसऱ्यावर शिंपडलं, तो गार वाटलं म्हणून खालीच बसला. तिसऱ्यानं डोळे मिटले. पुन्हा शिंपडलं, पुन्हा तेच. एकानं म्हणून अंग झाडलं न्हाई. सुभद्राबाई डोळ्याला पदर लावून म्हणली, देव माझं घेत न्हाई. आन त्याच वक्ताला माझ्या हातातला तांब्या निसटला, पुरा भरलेला, आन पाणी गेलं ते थेट मागं उभ्या असलेल्या बदकांवर. सोनाजी, चारी बदकांनी शेपटीपासून मानेपर्यंत असं अंग झाडलं, की दगडोबाच्या धोतरापर्यंत शिंतोडे उडाले. एकदा झाडून थांबली न्हाईत, दोनदा झाडलं.

दगडोबानं धोतर पुसलं, जरा इचार केला आन म्हणला, "दोरा बदकानंच खाल्ला व्हता ना?" व्हय म्हटलं. "मंग नवस कोंबड्यातून निघून बदकात गेला. देवाला बदकं मान्य हाईत." कोणत्या बदकानं खाल्ला ते ठाऊक न्हाई म्हणून चारीच्या चारी मान्य. सुभद्राबाईनं बदकांना हात जोडले. त्या दिवशी माझ्याकडं बाई दोन भाकरी जेवली आन दुपारी घोरली. मी चाळीस वर्सांत तिला घोरताना ऐकलं नव्हतं.

आन आता गावाची तऱ्हा ऐक. बाई घोरून राहिली तेवढ्यात कोंबड्या नवसातून सुटल्या म्हणून सारं गाव डाली घेऊन माझ्या दारात. ज्यांनी ह्या उन्हाळ्यात मूठभर कणी टाकली न्हाई, ते कोंबड्यावरून भांडून राहिले. म्या ज्याच्या खुराड्याला दार हाय आन दारात पाण्याचं भांडं हाय, त्यालाच दिलं, आधी जाऊन बघून दिलं. दोघांची भांडी कोरडी व्हती, त्यांना वाटंला लावलं. एक बाई म्हणली, पोरगी देऊन राहिली का कोंबडी? म्या म्हटलं, पोरगी देताना इतकं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ऱ्हायली बदकं. तांब्या निसटताना पुढचं कुणाच्या डोक्यात असतं? धुऱ्यावर म्हसोबापाशी नेऊन सोडली. तिथं पाण्याचा थेंब न्हाई. आमी घरी यायच्या आत ती आमच्या पुढं चालत माझ्या मोरीत. आता ती देवाची बदकं. हाकलता येत न्हाईत, देता येत न्हाईत, आन बाया येऊन माझ्या मोरीला हात जोडून राहिल्या. काल एकीनं मोरीच्या दगडाला हळदीकुंकू लावलं. मी आत आंघोळ करत व्हते. सोनाजी, आज्यानं ज्या घरातून समदे देव बाहेर काढले, त्या घरात आता मोरीतून देव येऊन राहिला. आणखी पंधरा दिवस गेले तर शेंदूर लागंल, मंग जत्रा भरंल, आन मी आंघोळ कुठं करायची ते गावाला इचारावं लागंल.

असो. तुला काय सांगावं. तुझ्या तिथं सिद्धेश्वर धरणाचं एवढं मोठं पाणी, तुला मोरीचं दुःख काय कळणार. लेकरांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

तुझी बहीण,
जनका

ता. क. दगडोबा म्हणला, देवाची बदकं कुठल्याबी मोठ्या पाण्यात सोडली तरी चालतात. धनसिंगाच्या मागून जो आवाज येऊन राहिला तो तुला आतापर्यंत ऐकू आलाच असंल. मोहनसिंगाच्या डालीत हाईत चारी. धनसिंगाला मी बजावलं हाय, की सोनाजी काहीबी म्हणला तरी परत आणायची न्हाईत. कुत्र्यापासून रात्री कोंडत जा. खायची न्हाईत. नवस म्हणून न्हाई, सुभद्राबाई बघायला येणार हाय म्हणून.

ता. क. दुसरं. एक लंगडी कोंबडी कुणी घेतली न्हाई, ती माझ्याकडं हाय. कुणी घेतली न्हाई म्हणूनच हाय, दुसरं काही न्हाई. ती कालपासून खुडूक होऊन माझ्या सुपात बसली. बदकांनी अंडी घातली तर सहा-सात धनसिंगाजवळ भुशात घालून धाड. अंड्याचा नवस कुणी बोललं नव्हतं. मोरी धुऊन ठेवली हाय.

ता. क. तिसरं. तू इचारशील, एवढा भरला तांब्या मागं बदकांवर गेला कसा. माझा हात आताशा कापतो, वयच झालं. परवा सुभद्राबाईचा हिंगोलीहून निरोप आला, की जनका, हाताला रोज तेल लावत जा, लई नेमका कापतो. लावून राहिले. सुई मात्र अजून माझी मीच ओवते, हे तिकडं कुणाला बोलू नको.